तीन-सहा-पाच-आठ

बाळीवेस, सोलापूर
९ डिसेंबर १९७८

प्रिय वच्छला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उलटं ठेवलं असशील आणि आधी भाकरी करून घेतल्या असतील. ठेव. मी आठ वर्षं लावली, तुला दोन तास लागले तर माझी काय तक्रार? पत्ता तुझ्या जुन्या कार्डावरून घेतला आहे. वसाहतीतली खोली बदलली असली तरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या तुझ्या मानसिंगरावांना श्रीपूरचा पोस्टमन ओळखत असेलच. उसाचं गळीत सुरू झालं असणार, म्हणजे ते घरी येतात कधी आणि जातात कधी याचा तुलाही पत्ता नसेल. तुला दोन मुलगे आहेत एवढं परवा केमच्या येडू गुरुजींकडून कळलं. त्यांची नावं विचारायची राहिली. ज्या मैत्रिणीच्या वेणीची रिबीनसुद्धा मी बांधायचे, तिच्या मुलांची नावं मला ठाऊक नाहीत, याची लाज वाटते.

आमच्याकडचं सांगायचं तर अप्पांनी तेलाचं दुकान धाकट्या भावाकडे दिलं आणि आता ते दिवसभर त्याच्या चुका काढत बसतात. अव्वा बरी आहे, गुडघे सोडून. शेंगाची चटणी अजून स्वतःच कुटते, कुणाला हात लावू देत नाही. कडक भाकरी करायला बसली की तुझी आठवण काढते. ‘ती केमची पोरगी कुटं हाय गं? लई भूक व्हती तिला,’ असं म्हणते आणि हसते. होस्टेलच्या पातळ आमटीला कंटाळून तू आमच्याकडे यायचीस, आणि अव्वा तुझ्या ताटात एकेक भाकरी टाकत कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. तू तिच्या मागून म्हणायचीस. तुझं कानडी तेवढंच, भाकरीपुरतं. माझं विचारशील तर मी मुलींच्या शाळेत पीटीची बाई आहे, गळ्यात शिट्टी आहे, आवाज होता त्याच्या दुप्पट झाला आहे. लग्नाचं विचारू नकोस, अव्वा विचारते तेवढं पुरे आहे.

आता खेळाचं. गेल्या आठवड्यात पार्क मैदानावर जिल्ह्याच्या मुलींचे सामने झाले. मी निवड समितीत, म्हणून तीन दिवस टेबलामागे बसून होते. खरं सांगू? दुसऱ्या दिवशी दुपारी मला झोप आली. आपल्या वेळी पार्कवर खो-खो असला की दोरीला माणसं खेटून उभी असायची. या वेळी अर्ध्या सामन्यात लोक उठून चहाच्या गाडीकडे जात होते. कारण काय, तर सगळे संघ एकसारखे खेळतात. पळणाऱ्या तिघी येतात, पहिली बसलेल्यांच्या मधून नागमोडी साखळी धरते, दुसरी मैदानाच्या कडेनं गोल फिरते, तिसरी खांबापासून लांब राहून दम राखते. मारणारा संघ तीन नंबरला खो देतो, तीनवरून सहाला, सहावरून पाचला, पाचवरून आठला, मग खांबावर सूर. चुकलं की पुन्हा तेच. मी गंमत म्हणून पुढचा खो कुणाला जाणार ते आधीच कागदावर लिहीत गेले. एकवीस वेळा लिहिलं, एकोणीस वेळा बरोबर आलं. शेजारचे पंच म्हणाले, ‘बाई, तुमचा अभ्यास दांडगा हाय.’ मी कागद चुरगाळून पर्समध्ये टाकला. अभ्यास कसला? तो क्रम माझाच होता की.

तुला आठवत असेल तो कसा जन्मला. अप्पांच्या दुकानामागच्या खोलीत जमिनीवर खडूनं मधली पाटी आखून आठ चिंचोके मांडायचे, आणि पळणाऱ्या तिघींसाठी तीन शेंगा. त्या शेंगा तू अधूनमधून खाऊन टाकायचीस आणि ‘गडी बाद’ म्हणायचीस. मी चिडायचे. मला वाटायचं, हा खेळ म्हणजे एक गणित आहे, नीट मांडलं तर कुणालाच चुकवता येणार नाही. तीन, सहा, पाच, आठ. आठव्या जागेवर खांबाजवळ मी, कर्णधार. पाचवर तू. आणि समोरच्यांना कळू नये म्हणून बसल्या जागेवरून आकडे ओरडायचे ते कानडीत. संघातल्या सहा जणी बाळीवेशीतल्या, घरी कानडीच बोलणाऱ्या. पुण्याच्या, सांगलीच्या पोरी नुसत्या आमच्या तोंडाकडे बघत राहायच्या. आपला संघ घडवणाऱ्या चन्नप्पा सरांना तर क्रम इतका आवडला की त्यांनी मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत खडूनं तो काढून घेतला. शिस्त म्हणजे सरांचा जीव की प्राण. तोच पुठ्ठा मी नंतर शाळेत लावला, तिथून दुसऱ्या शाळांनी उतरवून घेतला, आणि आज अख्ख्या जिल्ह्यात माझ्या चिंचोक्यांचं राज्य आहे. मागच्या महिन्यात माझ्याच वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, ‘बाई, सगळं ठरलेलंच हाय तर मी डोळे मिटून पळू का?’ मी तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

तुझा खेळ ठरलेला नसायचा. तू केमला रेल्वेच्या खडीवरून पळत मोठी झालीस, रेल्वेत कामाला असलेल्या तुझ्या आबांच्या जेवणाच्या डब्याची वेळ गाठायला. खडीवर पाऊल सारखं पडतच नाही, म्हणून तुझं मैदानावरही पडायचं नाही. खो मिळाला की सगळ्या जणी उसळून एका बाजूला धावतात. खांदा वळला की दिशा ठरली, मग मागे फिरता येत नाही, हे पळणारीलाही माहीत असतं आणि ती नेमकी उलटीकडे निघते. तू खो मिळाल्यावर उठायचीस आणि सरळ उभी राहायचीस. खांदा वळवायचा नाही, पाय टाकायचा नाही. एक श्वासभर कुठेच जायचं नाही. पळणारी गोंधळायची, तिचाच पाय आधी हलायचा, आणि मग तू निघायचीस. मला ते बघवायचं नाही. माझ्या गणितात थांबण्याला जागाच नव्हती. खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिते, मला तुझा हेवा वाटायचा. सरावानंतर तुझी रिबीन बांधतानाही वाटायचा.

ऑक्टोबरात निवडीसाठी करमाळ्याला गेले होते. तालुक्याच्या शाळांचे सामने, ढेकळांचं मैदान, उन्हात डोकं उठलेलं. केमच्या शाळेच्या संघात एक काळी, काटक पोरगी चौथ्या जागेवर बसली होती. तिला खो मिळाला. ती उठली आणि सरळ उभी राहिली. वच्छे, मी पेन्सिल ठेवून उठून उभी राहिले. दोन्ही पाय जुळवून, खांदे समोर, मान किंचित खाली. पळणारी गडबडली आणि दोन पावलांत बाद झाली. मी नाव विचारलं तर म्हणाली सोना, सोना जोतीराम. जोतीराम म्हणजे तुझा थोरला भाऊ, हे मला कुणी सांगायला नको होतं. कुणी शिकवलं म्हटल्यावर म्हणाली, ‘आत्यानं. दिवाळीला येती तवा.’ मी यादीत तिचं नाव पहिलं लिहिलं. समितीत एक-दोघं कुरकुरले, पोरगी ऐकत नाही, क्रम पाळत नाही म्हणून. मी गप्प बसवलं त्यांना. आवाज आहे म्हटलं ना.

जिल्ह्याचं शिबिर सोमवारी, अठरा तारखेला सुरू होतंय. सगळ्या मुलींची होकाराची पत्रं आली, सोनाचं आलं नाही. परवा येडू गुरुजी, तिचे वर्गशिक्षक, मुद्दाम गाडीनं येऊन शाळेत भेटले. बिचारे दारातच चपला काढून उभे राहिले. म्हणाले, पोरगी दोन दिवस जेवली नाही, पण रावजी आबा हटत नाहीत. आबांचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले. ‘आमच्या लेकीनं एकदा ऐकलं न्हाय, मनाचं केलं, अन् समद्या सोलापूरची मान खाली घातली. म्या त्या मैदानात हुबा हुतो. आता नातीचं तसं नगं.’ गुरुजींना मागचं काही ठाऊक नाही. ते मला विचारत होते, बाई, एवढं काय झालं होतं हो? मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि सामन्याच्या वह्या उगाच एकावर एक रचत बसले. शेवटी मी म्हणाले, अठरापर्यंत जागा रिकामी ठेवते, तुम्ही आबांना एवढं सांगा.

आबा मैदानात उभे होते, हे मीही विसरलेले नाही. सत्तरच्या डिसेंबरची अखेर, बार्शीच्या संघाशी आपला शेवटचा सामना. ते पहाटेच्या पॅसेंजरनं आले होते, रेल्वेचा निळा सदरा धुऊन घातलेला, आणि हातात फडक्यात बांधलेला भाजका हुरडा, सगळ्या संघासाठी. तू कपडे बदलत होतीस म्हणून गाठोडं त्यांनी माझ्याकडे दिलं. म्हणाले, ‘तुमी कप्तान न्हवं? समद्यांस्नी वाटा.’ मग जरा थांबून म्हणाले, यादीत पोरीचं नाव आलं तर आणखी दोन वर्षं शिकू दे, मी घरच्यांना सांभाळतो. न्हाय आलं तर स्थळ बघितलंय. हे त्यांनी मला सांगितलं, वच्छला. तुला मी कधी कळू दिलं नाही की मला ते सामन्याच्या आधीच माहीत होतं. आणि राज्याच्या शिबिराला आपल्या संघातून एकीलाच घेणार, हेही मला माहीत होतं. सरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, तू नाहीतर वच्छला.

पहिल्या डावात आपण मागे पडलो. बार्शीची ती नवी, बुटकी पोरगी, शिवबाई, काही केल्या हाताला लागेना. मधल्या सुट्टीत तू मला बाजूला घेतलंस. पाणी पिताना माझा दंड धरून म्हणालीस, ‘रुद्रे, ती खो पडायच्या आदी वळती. तिला तुमचं कानडी कळतंय.’ मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल, मला तर रोज आठवतं. मी म्हणाले, बार्शीच्या पोरींना कुठलं आलंय कानडी? आणि वर म्हणाले, तुला स्वतःला तरी दहाच्या पुढे मोजता येतं का? बाकीच्या हसल्या. तूही हसलीस. मग म्हणालीस, बरं, निदान आकडे बदल, नाहीतर ओरडू तरी नकोस. मी म्हणाले, क्रम म्हणजे क्रम. तेव्हा मला पटलं नव्हतं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पटलं होतं. निदान निम्मं तरी. पण चूक तू दाखवलीस आणि मी ती मान्य केली, हे सरांच्या समोर व्हायला नको होतं.

शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा बरोबरीला दोन गडी हवे होते. मी ओरडले मूरु, मग आरु, मग ऐदु, म्हणजे तुझा पाच. तू उठलीस. मी ओरडले एंटु, म्हणजे खो मला, आठला. शिवबाई आधीच माझ्या खांबापासून लांब निघाली होती, आणि दुसरी पळणारी तिच्यामागून. तू मात्र उभी राहिलीस. सगळं मैदान थांबल्यासारखं झालं. मग तू मागच्या बाजूला वळून चारला खो दिलास आणि ती दुसरी पोरगी सरळ तिच्या हातात आली. दोरीबाहेर गलका झाला. आबांनी टोपी काढून हलवली, मी बघितलं. एक गडी मिळाला होता, वच्छला, अजून एकच हवा होता, आणि मी बसल्या जागेवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, ‘वच्छला! क्रम मोडायचा नाही!’ तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. मैदानावर कर्णधाराकडे बघतात तसंच. पुढचा खो तुला मिळाला तेव्हा तू उभी राहिली नाहीस. उठलीस, खांदा वळवलास आणि मी सांगितलं तसा मला, आठला खो दिलास. मी खांबावर सूर मारला. तिथं कुणीच नव्हतं. शिवबाई पलीकडे उभी राहून धापा टाकत होती, आणि शिट्टी झाली.

हरल्यावर तू खाली माती उकरत बसलीस. मी दोरीजवळ पाणी घ्यायला गेले. तिथं शिवबाई तिच्या आईच्या गळ्यात पडली होती, आणि दोघी कानडीत बोलत होत्या. अस्सल अक्कलकोटकडचं कानडी, आमच्या घरासारखं. ती आईला हसून सांगत होती, की या पोरी सगळं आधी ओरडून सांगतात आणि मग खेळतात. तिचं आजोळ तिकडचं होतं, एवढीच गोष्ट. मी ते ऐकलं. दोन हातांवरून ऐकलं, समजायला काहीच अवघड नव्हतं. तुझं बरोबर होतं हे मला शिट्टीनंतर दोन मिनिटांत कळलं, आठ वर्षांनी नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

आणि तिथून मी परत आले तेव्हा चन्नप्पा सर आबांशी बोलत उभे होते. सरांचा चेहरा लाल झालेला. त्यांनी मला विचारलं, क्रम कुणी मोडला? मी म्हणाले, वच्छलानं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तू मोडला होतास. तेवढं सांगून मी गप्प बसले. शिवबाईचं सांगितलं नाही, मधल्या सुट्टीतलं सांगितलं नाही, मोडलास म्हणून एक गडी मिळाला आणि पाळायला लावला म्हणून दुसरा गेला, हे सांगितलं नाही. सर आबांकडे वळून म्हणाले, ‘तुमची मुलगी गुणाची आहे, पण ऐकत नाही. एका पोरीच्या मनमानीनं सगळा संघ बुडाला.’ आबांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती. ‘व्हय जी,’ एवढंच म्हणाले. हुरड्याचं गाठोडं तेव्हाही माझ्याच काखेत होतं. ते मी वाटलंच नाही. घरी आणलं, आणि अव्वानं विचारलं तर म्हणाले, कुणीतरी दिला.

यादीत माझं नाव आलं. तुझं लग्न मार्चमध्ये झालं, पत्रिका आली होती, मी परीक्षेचं कारण सांगितलं. मग एप्रिलात तुझं कार्ड आलं, श्रीपूरहून, या पत्त्यावरून. मला वाटलं आता शिव्या असतील. आत चार ओळी होत्या. राज्याच्या संघात निवड झाल्याचं कळलं, आनंद झाला. आणि खाली लिहिलं होतंस, ‘खांबावर सूर मारायच्या आदी तू डाव्या हाताकडं बघतीस. पळणारीला कळतं. ते तेवढं लपव.’ वच्छला, मला सगळ्यांचा खेळ आधी ओळखता येतो असा माझा तोरा होता. माझा खेळ मात्र तू ओळखत होतीस आणि इतके दिवस कुणाला बोलली नव्हतीस. मी ती खोड मोडली. त्या वर्षी खांबावर मी सात गडी मारले. त्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्या प्रमाणपत्रावर ही नोकरी मिळाली. तुझ्या कार्डाला उत्तर लिहायला मी किती वेळा बसले असेन. काहीतरी लिहिलं की वाटायचं, यात ते नाही. आणि ते लिहायचं धाडस नव्हतं.

येडू गुरुजी गेल्यावर काल संध्याकाळी मी चन्नप्पा सरांच्या घरी गेले. आता थकले आहेत, कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे जे मला कुजबुजून सांगायचं होतं ते ओरडून सांगावं लागलं. त्यांच्या सुनेनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. सरांनी पायावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, ‘तू त्या दिवशी सांगितलं असतंस तरी मी क्रमच बरोबर धरला असता, रुद्राणी. मी तसा माणूस होतो.’ मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. सरांनी काय केलं असतं हा सरांचा प्रश्न होता. मी काय केलं हे मला माहीत आहे. निघताना त्यांनी विचारलं, ‘तिच्या वडिलांना मी जे बोललो, ते परत कसं घ्यायचं?’ मी म्हणाले, मी घेते. आज सकाळी शाळेत पहिलं काम केलं ते तो पुठ्ठा भिंतीवरून काढला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे. मुली विचारत होत्या, आता कसं खेळायचं? त्यांना म्हणाले, केमहून एक मुलगी आली तर ती सांगेल. पण आबांनी नाही म्हटलं तर ती येणार नाही, आणि तिचंही कुठंतरी स्थळ बघितलं जाईल.

म्हणून हे पत्र. पाकिटावर नाव तुझं आहे, पण वाचायचं आहे ते आबांना. थेट त्यांना लिहिणार होते, पण तुझ्या आधी त्यांना सांगणं म्हणजे पुन्हा तुझ्यामागे परस्पर बोलणं झालं असतं. तू वाच, राग येईल तेवढा येऊ दे, आणि मग जमलं तर रविवारच्या आत केमला जा. आबांना वाचता येत नाही, आणि तू वाचलंस तर माझं तोंड जिथं काळं झालं आहे तिथं तू दयेनं ओळी गाळशील, मी ओळखते तुला. म्हणून पत्र सोनाच्या हातात दे. तिनं आजोबांसमोर बसून मोठ्यानं वाचावं, हुरड्यासकट सगळं. सोना, हे पुढचं वाक्य सावकाश वाच. आबा, तुमच्या लेकीचं त्या दिवशी बरोबर होतं, तिनं माझं ऐकलं म्हणून आपण हरलो, आणि मी तुमच्यासमोर उभी राहून गप्प बसले. एवढंच. माफ कर, असं मी लिहिलेलं नाही, वच्छला, कारण पत्र उघडायच्या आधीच तुला वाटलं असेल की शेवटी मी तेच लिहिणार. अठरा तारखेला सकाळी सातला मी पार्कवर चुना मारून मधली पाटी आखीन आणि सात मुलींना बसवीन. पाचवी जागा रिकामी असेल. पॅसेंजर उशिरा येते हे मला ठाऊक आहे, दुपारपर्यंत मी तिथं कुणालाही बसू देणार नाही.

तुझीच,
रुद्राणी